नातवंडांच्या हाती लढाईच्या कादंबऱ्या द्याव्यात का?

पत्र : माझी नात पंधरा वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात दहावीला. नातू अकरा वर्षांचा, मराठी शाळेत सहावीला. दोघांनाही सध्या लढायांच्या गोष्टींचे वेड लागले आहे. नातीने शाळेच्या ग्रंथालयातून ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही कादंबरी आणली, वाचली आणि दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. तरीही आता तिला तसेच आणखी काहीतरी हवे आहे. नातवाने संभाजी महाराजांवरचा चित्रपट पाहिल्यापासून मूळ कादंबरीच पाहिजे म्हणून हट्ट धरला आहे. मुलगा म्हणतो, रक्तपाताची पुस्तके पोरांच्या हाती नकोत. सून म्हणते, मोबाइल सोडून वाचत आहेत हेच पुष्कळ. मला स्वतःला तीन-चार पिढ्यांच्या हकिकती सांगणाऱ्या जाड कादंबऱ्या आवडतात, पण या मुलांना त्या झेपतील का? माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले होते. त्यांची दोन पत्रे ट्रंकेत आहेत, ती मात्र घरात कोणी उघडत नाही. मुलांना काय द्यावे आणि कोणत्या वयात, ते कृपया सांगावे. — एक आजी, गंगापूर रोड, नाशिक

आदरणीय आजी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचे आणि सुनेचे म्हणणे मी दोन-तीनदा वाचले. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण लढाईचे पुस्तक निवडताना त्यात रक्त किती सांडते हे मी मोजत नाही. त्या लढाईमुळे कोणाच्या घरात काय घडते, हे पुस्तक दाखवते की नाही, एवढेच मी पाहते. ज्या कादंबरीत शत्रू म्हणजे नुसती कापायची गर्दी असते आणि मेलेल्या माणसाची वाट पाहणारे कोणी नसते, ती अगदी सोवळ्या भाषेत लिहिलेली असली तरी मुलाच्या हाती देताना माझा हात आखडतो. उलट, बातमी घेऊन आलेला जासूद दारात उभा आहे आणि आतल्या बायकांना त्याच्या चेहऱ्यावरूनच सारे कळून चुकले आहे, असा एक प्रसंग ज्या पुस्तकात नीट उतरला आहे, ते मी बारा वर्षांच्या मुलालाही देईन. तुम्हाला घराण्यांच्या कादंबऱ्या आवडतात आणि मुलांना लढाईच्या. या दोन आवडी तुम्हाला वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

आधी नातीचे पाहू. तिने वाचलेली जॉन बॉयन यांची कादंबरी 2006 सालची आहे. ती मनाला चटका लावते, पण इतिहास म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. 2020 मध्ये खुद्द ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या स्मारक-संग्रहालयानेच सांगितले की, ज्यांना ज्यूंच्या नरसंहाराचा अभ्यास करायचा किंवा तो शिकवायचा आहे, त्यांनी हे पुस्तक टाळावे. कारण साधे आहे. त्या छावणीत पोहोचलेल्या बहुतेक लहान मुलांना आल्याआल्याच मारून टाकले जाई. कादंबरीतल्यासारखे कुंपणापाशी रोज येऊन गप्पा मारत बसण्याइतकी मोकळीक तिथल्या मुलाला असणे शक्य नव्हते. म्हणून पुस्तक तिच्या हातून काढून घेऊ नका. ज्या पुस्तकाने तिची झोप उडवली, त्याने काहीतरी केले आहे, आणि तिला त्याचा अपमान सहन होणार नाही. फक्त त्याच्या शेजारी अ‍ॅन फ्रँकची डायरी ठेवा, जी मराठीतही उपलब्ध आहे. ती कादंबरी नव्हे, खऱ्या मुलीने लिहिलेली खरी रोजनिशी आहे. तेराव्या वाढदिवसाला, जून 1942 मध्ये, मिळालेल्या वहीत अ‍ॅनने लिहायला सुरुवात केली आणि 1 ऑगस्ट 1944 ची शेवटची नोंद लिहिताना ती तुमच्या नातीच्याच वयाची, पंधरा वर्षांची होती. त्या वहीत तोफा जवळजवळ नाहीतच. आईशी होणारी भांडणे आहेत, बटाटे सोलणे आहे, आणि दिवसा पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चाललेली धडपड आहे.

त्यानंतर तिला जुडिथ केर यांची ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ द्यावी. 1971 ची ही कादंबरी लेखिकेच्याच बालपणावर बेतलेली आहे. तिचे वडील नाट्यसमीक्षक होते, नाझींच्या डोळ्यांत खुपत होते, म्हणून 1933 मध्ये हे ज्यू कुटुंब जर्मनी सोडून आधी स्वित्झर्लंडला, मग फ्रान्सला आणि शेवटी इंग्लंडला गेले. कथेतल्या मुलीला निघताना एकच खेळणे सोबत घ्यायची परवानगी मिळते, ती नवे खेळणे उचलते आणि जुना गुलाबी ससा मागे राहतो. पुस्तकात रक्ताचा थेंब नाही, पण घर सुटणे म्हणजे काय ते त्या सशावरून कळते. याचे पुढे आणखी दोन भाग आहेत. त्यांत मुलगी मोठी होते आणि लंडनवर बॉम्ब पडतात. तुमच्या आवडीची घराण्याची गोष्ट आणि तिच्या आवडीची युद्धाची, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील. भाषा सोपी आहे. पंधराव्या वर्षी हे पुस्तक लहान मुलांचे वाटेल अशी तिने तक्रार केली, तर पहिली वीस पाने वाचून मग बोल, असे तिला सांगा.

नातवाचा हट्ट मात्र मी पुरवणार नाही. शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979 सालची, शेकडो पानांची, अलंकारिक आणि संथ चालीची कादंबरी आहे, आणि तिच्या अखेरीस जे हाल आहेत ते अकराव्या वर्षी एकट्याने वाचण्यासारखे नाहीत. चित्रपटात अडीच-तीन तासांत दणदणाटासह जे दिसले, तेच पानापानावर मिळेल अशा अपेक्षेने तो बसेल, पन्नासाव्या पानावर कंटाळेल आणि जाड पुस्तके म्हणजे शिक्षा अशी खूणगाठ मनाशी बांधेल. तीन वर्षे थांबा. तोपर्यंत त्याला संभाजी महाराजांच्याच काळातला एक वेढा दाखवता येईल, आणि तोही घरापासून तासाभराच्या अंतरावर.

पेठ रोडने निघून आशेवाडीला पोहोचलात की समोर रामशेज उभा असतो. बुटका, साधा दिसणारा डोंगर. सह्याद्रीतल्या उंच गडांपुढे तो कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवत ठेवला. मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहून गेला आहे की, गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडे पोखरून, त्यांवर कातडे मढवून तोफा केल्या आणि त्या डागल्या. हे शत्रूच्या बाजूच्या माणसाने लिहिले आहे, ही गोष्ट नातवाला आवर्जून सांगा. शेवटी गड गेला तो तोफांनी नव्हे, फितुरीने. या वेढ्यावर लिहिलेले काहीही त्याच्या हाती आले, गोष्ट असो वा कादंबरी, तर वाचून झाल्यावर त्याला एकच प्रश्न विचारत जा : हे लेखकाला कसे कळले असेल? लाकडी तोफ खाफीखानामुळे कळली. पण रात्री तटावर पहारा देताना किल्लेदाराच्या मनात काय विचार आले, ते कोणी लिहून ठेवले होते? ते लेखकाने रचले. रचले म्हणून ते खोटे ठरत नाही, पण ते बखरीतले नव्हे, कादंबरीतले आहे. हा फरक अकराव्या वर्षी ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला पुढे कोणाचीही भडक पोस्ट वाचून डोके फिरवून घ्यावे लागत नाही.

घरात त्याला गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवाव्यात, अशी माझी विनंती आहे. त्या ‘कादंबरीमय शिवकाल’ या नावाने एकत्रही मिळतात. त्यांची बोली त्याला वाचायला अडेल, पण ऐकायला अडणार नाही. तुमच्या तोंडून ती आली की अर्धे शब्द आपोआप उलगडतील. रात्री जेवणानंतर अर्धा तास पुरे. एखादा प्रसंग जड वाटला तर तुम्हाला तो तिथल्या तिथे आवरता घेता येतो, ही सोय पडद्यावर नसते.

आता ज्या पुस्तकांबद्दल मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, त्यांच्याकडे येते. तुमच्या पत्राखालचा पत्ता पाहून मला हसू आले, कारण मराठीतली सर्वांत मोठी युद्ध-आणि-घराण्याची गोष्ट तुमच्या रस्त्यावरच येऊन संपते. गंगापूर रोडने जाताना लागणारी आनंदवल्ली ही राघोबादादा आणि आनंदीबाई यांची. पुढचे गंगापूर हे गोपिकाबाईंचे. नाशिकमध्ये आपण या नावांच्या थांब्यांवर रोज चढतो-उतरतो आणि त्यांचा विचारही करत नाही.

गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव मारला गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचे सावकारी पत्र नानासाहेबांच्या हाती पडले. त्या दोन मोत्यांतला एक या बाईंचा मुलगा. पाच महिन्यांनी नवरा गेला. दुसरा मुलगा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला आणि सत्ताविसाव्या वर्षी, 1772 मध्ये, थेऊरला क्षयाने वारला. पुढच्याच वर्षी तिसरा, नारायणराव, शनिवारवाड्यात कापला गेला. तोही अठराच वर्षांचा. माधवरावाशी न पटल्याने गोपिकाबाई आधीच पुणे सोडून इकडे गंगापूरला येऊन राहिल्या होत्या, आणि 1788 मध्ये इथेच त्यांचा शेवट झाला. नातू सवाई माधवराव याला कसे वागावे, याविषयी त्यांनी इथून लिहिलेले उपदेशाचे पत्र प्रसिद्ध आहे. गंगापूरच्या आजीने नातवाला लिहिलेले पत्र!

हा सारा पट नातीपुढे ठेवायचा तर क्रम उलटा ठेवा. आधी रणजित देसाई यांची 1962 ची ‘स्वामी’, मग विश्वास पाटील यांची 1988 ची ‘पानिपत’. काळाच्या हिशेबाने ‘पानिपत’ आधी येते हे मला माहीत आहे. पण मराठी सावकाश वाचणाऱ्या मुलीला पहिल्याच घासाला ती जाडजूड मोहीम दिली, तर शेकडो सरदारांच्या नावांतच ती अडकून पडेल. ‘स्वामी’चा व्याप मुख्यतः एका घराचा आहे : सोळा वर्षांचा मुलगा, त्याला पोर समजणारा चुलता, तापट आई, आणि मुकाट्याने सारे पाहणारी लहान वयाची बायको. चुलत्या-पुतण्याचे भांडण कुठवर गेले ते दाखवायला तिला एखाद्या रविवारी आग्रा रस्त्याने चांदवडकडे घेऊन जा. डावीकडच्या सातमाळा रांगेत कातळाची भिंत मधोमध खाच पाडल्यासारखी दिसते, तो धोडप. 1768 मध्ये तिथे माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन नजरकैदेत ठेवले. शाळेत ऐकलेली पेशवाई अशी गाडीच्या खिडकीतून दिसली, म्हणजे ती नावे डोक्यात पक्की बसतात.

मात्र ‘स्वामी’ देताना एक गोष्ट बोलल्याशिवाय राहू नका. माधवरावांमागे रमाबाई सती गेल्या, आणि कादंबरीत त्या शेवटाकडे जाणारी वाट इतक्या हळुवारपणे रंगवली आहे की वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझेही आले होते, आणि पुष्कळ वर्षांनी मला त्याचा राग आला. पंधरा वर्षांच्या मुलीने ते वाचून रडावे, हरकत नाही. पण रडून झाल्यावर तिच्याशी बोला. त्याच घरात सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. त्या पानिपतच्या मोहिमेत सोबत होत्या, जीव वाचवून परतल्या, आणि नवरा मेला हे त्यांनी मान्यच केले नाही. एकाच लढाईने आणि एकाच वाड्याने गोपिकाबाई, रमाबाई आणि पार्वतीबाई या तीन बायकांच्या वाट्याला तीन वेगवेगळी आयुष्ये दिली. तिला कोणाचे वागणे कळते आणि कोणाचे कळत नाही, हे तिच्याकडून ऐकताना तुम्हालाच नवे काही सापडेल.

‘पानिपत’ मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. ती वाचताना पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा पाहायला जा. त्या घंटेच्या आवाजाची म्हण आपण सहज वापरतो, पण हे नारोशंकर म्हणजे पानिपतच्या वेळी दिल्लीच्या बंदोबस्ताला ठेवलेले सरदार, आणि पराभवाची बातमी येताच त्यांना दिल्ली सोडावी लागली, हे फार थोड्या नाशिककरांना आठवते.

कादंबरी नसलेले, पण कोणत्याही कादंबरीला मागे सारील असे एक पुस्तक या दोघांनाही लागू पडेल : विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेला गेले आणि ऐन 1857 च्या धुमश्चक्रीत सापडले. झाशी पडली तेव्हा ते आत होते. कमावलेले लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड त्यांनी पायी घरापर्यंत आणली. पुस्तक छापून आले ते 1907 मध्ये. नातीला त्याची जुनी भाषा जड जाईल. झाशीचे प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, उरलेले ती ओढून नेईल. आपल्याकडे 1857 म्हणजे फक्त झाशी आणि कानपूर नव्हे. सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी त्याच वर्षी इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला ठार केले होते. पुण्याला जाताना ते गाव लागते.

आता तुमच्या आवडीच्या जाड कादंबऱ्या. याबाबत माझ्याकडून एक चूक झालेली आहे. श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ मला इतके प्रिय आहे की माझ्या भाच्याला त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला मी त्याचे दोन्ही खंड भेट दिले. दोन वर्षांनी त्याच्या घरी गेले तेव्हा पहिल्या खंडात बसच्या तिकिटाची खूण पानापाशी तशीच होती. मी पाहिले, एकोणचाळिसावे पान. चार पिढ्यांतले खोत, त्यांच्या बायका, लेकी, जगबुडीचा काठ, हे सारे पेलायला वाचकाने आधी स्वतःच्या घरातल्या दोन-तीन मयतींना तरी हजेरी लावलेली असावी लागते. ते अठराव्या वर्षानंतर. त्याआधी नातीला अमिताव घोष यांची 2000 सालची ‘द ग्लास पॅलेस’ चालेल. ती इंग्रजीत आहे, त्यामुळे तिला वेगही येईल. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले, तिथून ही गोष्ट सुरू होते आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशापर्यंत, आझाद हिंद सेनेपर्यंत येते. थिबा पॅलेस तिने शाळेच्या सहलीत पाहिला असेल तर उत्तमच. काही प्रसंग प्रौढांचे आहेत, म्हणून तुम्ही किंवा सुनेने आधी वाचून घ्यावी, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत ती कपाटातच असू द्यावी.

विश्राम बेडेकरांची 1939 ची ‘रणांगण’ मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती आकाराने लहान आहे, म्हणून लोक ती मुलांना लवकर देतात. ते करू नका. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे निर्वासित ज्यू, आणि एका मराठी तरुणाचे त्यांच्यातल्या हेर्टाशी जुळलेले नाते. महायुद्धाचे तोंड अजून लागायचे आहे आणि माणसांची मने आधीच उद्ध्वस्त झालेली आहेत. सतराव्या वर्षी वाचली तर ती जन्मभर सोबत राहील. तिच्या नायकाचे वागणे समजून घ्यायला तेवढे वय लागतेच.

ही सारी पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच ‘सावाना’, आपल्या गावात आहे. सावानाचे सभासदत्व दोन्ही मुलांच्या नावाने वेगवेगळे घ्या आणि पुस्तक बदलायला त्यांना स्वतः जाऊ द्या. चुकीचे पुस्तक उचलण्याचाही त्यांना हक्क आहे.

शेवटी ट्रंकेतली पत्रे. मराठी कादंबरी शिवकाळात आणि पेशवाईत जितकी रमली, तितकी ती महायुद्धांवर गेलेल्या आपल्या शिपायांकडे वळली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी लोक सैन्यात होते आणि त्यांतले सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास परतले नाहीत. इटलीतच मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 च्या लढाईतल्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे ते पाहायला हयात नव्हते. तुमचे सासरे त्याच मुलखात होते. म्हणजे जी कादंबरी मी तुम्हाला सुचवू शकत नाही, तिची दोन पाने तुमच्याकडे आहेत.

ती नातीला वाचू द्या, आणि तुम्ही शेजारी बसा. पत्रांत लढाई फारशी सापडणार नाही, म्हणून तिचा हिरमोड होऊ देऊ नका. सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या हातून जात आणि आपण नेमके कुठे आहोत हे लिहायला त्यांना मनाई असे. त्यामुळे पाऊस कसा झाला, बैल बरा झाला का, धाकट्याचे नाव शाळेत घातले का, असेच काही बहुधा असेल. कोणत्या ओळीत आजोबा काहीतरी सांगता सांगता थांबले असावेत, ते तिला हुडकायला सांगा. अक्षर मोडी असेल तर मोडी वाचणारे जाणकार शहरात आहेत. आणि कागद ऐंशी वर्षांचा झाला असल्याने त्याच्या घड्या एकदम उलगडू नका. टेबलावर स्वच्छ पांढरे कापड पसरून, पंखा बंद करून, एकेक घडी सावकाश उघडा.

आपली,
सदरलेखिका